साथ, शाळा आणि परिचारिका

साथ आली की शाळा बंद होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे आपल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा तुम्ही लहान असाल. पण १९१८ साली इन्फ्लुएंझाची जागतिक साथ ऐन भरात असताना न्यूयॉर्क शहराने आपल्या शाळा चालूच ठेवल्या! अमेरिकेतील बहुतेक शहरांनी तर त्या बंद केल्या होत्या. मग न्यूयॉर्कने असे का केले असेल बरे?

उत्तरासाठी आणखी १६ वर्षे मागे जाऊ. १९०२ साली तेथे डॉक्टर शाळांतून मुलांना तपासत. खुपऱ्या, नायटा किंवा उवा आढळल्या की मुलाला घरी पाठवीत. रोग पसरू नये, हा हेतू योग्यच होता. पण घरी उपचार कोण करणार? गरिबांची मुले उपचारांविना घरीच राहत आणि त्यांचे शिक्षणही बुडे. हे पाहून लिलियन वॉल्ड यांनी गरीब वस्तीतील आपल्या सेवाकेंद्राच्या परिचारिका लीना रॉजर्स यांना एक महिन्यासाठी चार शाळांचे काम दिले. त्या शाळेत मलमपट्टी करीत; मग मुलांच्या घरी जाऊन आयांना औषध कसे लावायचे ते दाखवीत. प्रयोग यशस्वी झाला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ वेळा मुलांना घरी पाठवावे लागले होते. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ वर आली.

आता १९१८ कडे वळू. शहरातील सुमारे १० लाख शाळकरी मुलांपैकी साडेसात लाख मुले दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. कोंदट खोलीत राहण्यापेक्षा मूल हवेशीर वर्गात, जाणत्यांच्या नजरेखाली असलेले बरे, असे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचे मत होते. शिक्षक रोज सकाळी मुलांना तपासत. शंका आल्यास मुलाला वेगळे बसवीत. आरोग्य खात्याचा माणूस त्याला घरी नेई आणि तेथे त्याला वेगळे ठेवण्याची सोय आहे का, ते पाही. सोय नसल्यास त्याला रुग्णालयात पाठवीत.

हा निर्णय बरोबर होता का, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. वर्गातही रोग पसरतोच, नाही का? पण एक गोष्ट स्पष्ट आहे. शाळा आणि घर यांना जोडणारी ही व्यवस्था ऐन साथीत उभी राहिली नव्हती. तिचा पाया आधीच घातलेला होता.

शाळा बंद ठेवल्या तरी हा दुवा लागतोच, कारण बंद शाळेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कुणाचा केवळ अभ्यास बुडतो, तर कुणाचे दुपारचे जेवणही जाते. म्हणूनच २०२० साली महाराष्ट्रात शालेय पोषण आहाराचा शिधा पालकांच्या हाती देण्यात आला.

आता एक काम करा. तुमच्या वर्गातील एखादे मूल चार दिवस आले नाही, तर त्याच्या घरी कोण जाते? शिक्षक, आशाताई, की कुणीच नाही? गुरुजींना किंवा बाईंना विचारा. उत्तर ‘कुणीच नाही’ असे आले, तर पुढची साथ येण्यापूर्वी काय करता येईल, याची चर्चा वर्गात अवश्य करा.