७२ तास कुठून मोजायचे?

मे-जूनची वादळे सुरू झाली की रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा आणि धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या पट्ट्यातून केळीच्या बागा आडव्या झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. पंचनामे, फळपीक विमा, ७२ तासांत सूचना हे सगळे खान्देशातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या ७२ तासांच्या हिशोबाकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. शेतकरी तास घड्याळावर मोजतो. संगणक ते कसे मोजणार, हे नोंदीत तारीख आणि वेळ कशी ठेवली आहे यावर ठरते.

समजा, ५ जूनला संध्याकाळी ७ वाजता वादळाने बाग झोपली. मुदत ८ जूनच्या संध्याकाळी ७ पर्यंत आहे. पण नोंदीत तारखेचा रकाना वेगळा, वेळेचा वेगळा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने हिशोबाला फक्त तारीख घेतली, तर? वेळ न दिलेली तारीख संगणक बहुधा मध्यरात्रीची धरतो. मग ७२ तास ५ जूनच्या ००:०० पासून सुरू होतात आणि ७ जूनचा दिवस सरला की संपतात. शेतकऱ्याचे १९ तास गेले आणि पडद्यावर कुठे चूक दिसली नाही.

उपाय अवघड नाही. एक्सेल तारीख पूर्णांकात ठेवते आणि वेळ दिवसाच्या अंशात. संध्याकाळचे ६ म्हणजे ०.७५. दोन्ही रकान्यांची बेरीज केली की नेमका क्षण मिळतो. पायथनमध्ये या जोडणीसाठी ‘कम्बाइन’ नावाची तयार सोय आहे. अट एकच, रकान्यात नुसता मजकूर नको. ‘०५/०६’ हा ५ जून की ६ मे, हे मजकुरावरून संगणकाला कळत नाही.

जोडणी टाळली की शोधही फसतो. ५ जूनच्या संध्याकाळी ६ पासून ८ जूनच्या सकाळी १० पर्यंतच्या नोंदी हव्या आहेत. तारीख ५ ते ८ मध्ये आणि वेळ ६ नंतरची, १० च्या आधीची, अशा सुट्या अटी घातल्या तर एकही नोंद हाती लागत नाही, कारण कोणतीही वेळ संध्याकाळी ६ च्या पुढची आणि सकाळी १० च्या अलीकडची एकाच वेळी नसते. तीन रात्रींचा वारा आणि पाऊस कागदावरून पुसला जातो.

त्यात हवामानाचा दिवस आपल्या दिवसाशी जुळत नाही. भारतीय हवामान विभागाचा दैनिक पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो. ५ जूनच्या संध्याकाळचा पाऊस त्यामुळे ६ जूनच्या आकड्यात येतो. शेतकऱ्याच्या अर्जात ५ तारीख, तक्त्यात ६, दोघेही खरे. अशा वेळी नुसती तारीख ताडून अर्जावर शंका घेणे अन्यायाचे आहे.

हिवाळ्यात प्रश्न आणखी नाजूक होतो. तापमान सलग काही दिवस ठरलेल्या पातळीखाली राहिले का, यावर भरपाई ठरते आणि पारा नीचांकी जातो पहाटे. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. यंत्राची नोंद त्या वेळेत असेल, तर १२ जानेवारीच्या पहाटे ५ चा गारठा ११ तारखेच्या रात्री साडेअकराला जाऊन बसतो. साडेसहाचा मात्र १२ तारखेलाच राहतो. तारीख आणि वेळ आधी जोडून, मग भारतीय वेळेत आणून, त्यानंतरच दिवस पाडले नाहीत, तर ‘सलग’ची साखळी तुटू शकते.

म्हणून मागणी साधी आहे. नुकसानीचा क्षण तारीख, वेळ आणि प्रमाणवेळेसह एकाच रकान्यात नोंदवावा. सूचना दिल्यावर मिळणाऱ्या पावतीवर मुदत कोणत्या तारखेला किती वाजता संपते, ते मराठीत छापावे. वेळ माहीत नसेल तर तसे स्पष्ट नोंदवावे आणि मुदत त्या दिवसाच्या अखेरीपासून मोजावी; शंकेचा फायदा शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात संगणक शिकणारी कितीतरी मुले शेतकऱ्यांच्या घरातली आहेत. डेटाबेसच्या तासाला त्यांच्यासमोर हाच तक्ता ठेवा. आपल्या बागेचा विमा नीट मोजणारा प्रोग्राम त्यांना नक्की लिहिता येईल.