अर्ध्या रकाराचे (ऱ्) संगणकीय संकेतन

अर्ध्या रकाराचे (ऱ्) संगणकीय संकेतन : मराठीत ‘य’ आणि ‘ह’ या वर्णांपूर्वी येणारे अर्ध्या ‘र’चे एक विशिष्ट रूप संगणकात अंकांच्या साहाय्याने साठविण्याची पद्धती. एरव्ही अर्धा र रफार होऊन पुढील अक्षराच्या माथ्यावर जातो. हे रूप मात्र पुढील अक्षराच्या डावीकडे लहानशा वक्र रेषेने दाखवितात. पापणीच्या केसाशी असलेल्या साम्यावरून इंग्रजी ग्रंथांत त्यास नाव मिळाले आहे. नेपाळमधील नेवारी भाषेच्या देवनागरी लेखनातही ते आढळते.

हा भेद केवळ वळणाचा नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या असून पश्चिमेस दर्या आहे. ‘दर्या’ या शब्दात जोडाक्षराचा आघात होऊन आधीचे अक्षर गुरू होते. ‘दऱ्या’मध्ये ते लघूच राहते. ‘आचार्यास’ दिलेला मान आणि ‘आचाऱ्यास’ दिलेला शिधा यांतील अंतरही एवढ्या एका रेषेवर अवलंबून आहे. शिवाय वारा, शेतकरी, अधिकारी, कर्मचारी अशा शब्दांची सामान्यरूपे (वाऱ्याने, शेतकऱ्यास) या रूपाशिवाय लिहिता येत नाहीत. शासकीय मराठीचे एखादे पानही त्यावाचून क्वचितच पुरे होते.

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही, तिचा संकेतांक साठवितो. इथिओपियाच्या गीझ लिपीत व्यंजन व स्वर मिळून होणाऱ्या प्रत्येक अक्षरास युनिकोड या जागतिक मानकात (१९९९ ची तिसरी आवृत्ती) स्वतंत्र संकेतांक मिळाला. देवनागरीत तसे नाही. तेथे मूळ वर्ण, स्वरचिन्हे व हलन्तचिन्ह यांनाच संकेतांक असून जोडाक्षरे नियमांनी घडविली जातात. र (२३५२), हलन्त (२३८१) व य हा क्रम दिला, की नियमानुसार ‘र्य’ उमटते. मग ‘ऱ्य’ कसे लिहावे, हा प्रश्न उरतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की संकेतावलीत ‘ऱ’ हा वर्ण होता. तमिळ, तेलुगू व मलयाळम् लिप्यांतील कठोर रकाराचे देवनागरी लिप्यंतर करता यावे, हा त्याचा मूळ हेतू. मराठीत पूर्ण ‘ऱ’ स्वतंत्रपणे येत नसल्याने त्याचे अर्धे रूप मराठीच्या अर्ध्या रकारास देण्यात आले. द्राविडी वर्णाच्या घरी मराठी चिन्हाची ही सोय कामचलाऊ वाटली, तरी ती निर्दोषपणे चालते. युनिकोडमध्ये ‘ऱ’चा संकेतांक २३५३ असून ऱ, हलन्त व य या क्रमाने ‘ऱ्य’ मिळते.

अडचण दुसऱ्या मार्गामुळे उद्भवते. युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य सांधकचिन्ह (८२०५) हा क्रमही ग्राह्य ठेवलेला आहे. दोन्ही क्रम पडद्यावर सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न होत. ‘र’ अधिक नुक्ता हा क्रम ‘ऱ’शी समतुल्य मानला जातो, सांधकाच्या क्रमास ती सवलत नाही. त्यामुळे एका पद्धतीने टंकलिखित झालेले ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास, विशेष तजवीज केलेली नसेल तर, सापडत नाही. मतदारयादी वा जमिनीच्या नोंदी यांत ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही. अदृश्य म्हणून सांधक गाळला गेला, तर दऱ्यांचा दर्या होतो, आणि त्याची सूचना कोणासही मिळत नाही. युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराचे रूपांतर करताना हा धोका विशेष संभवतो, कारण त्या टंकांत ही रेषा एक स्वतंत्र आकृती म्हणून बसविलेली असे.

‘ऱ’च्या मार्गातही एक उणीव आहे. केवळ संकेतांकांनुसार अनुक्रम लावल्यास ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्शन’च्या नंतर जातो, कोशात तो आधी हवा. र व ऱ यांस एकाच वर्णाचे भेद मानणारे अनुक्रमाचे नियम वापरल्यास हा दोष टळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र-च्याच कळीबरोबर शिफ्ट दाबली असता ऱ उमटतो.