चिऱ्याची धूळ

डिचोलीजवळचं आमचं घर आजोबांनी जांभ्या चिऱ्यांत बांधलेलं. यंदा चवथीआधी पडवीच्या एका भिंतीचा गिलावा काढून चिरे उघडे ठेवायचे, असं मी आणि बायकोने ठरवलं. हल्ली सगळेच ठेवतात. गिलावा सहज निघाला, पण आतले चिरे एका पातळीत नव्हते. एकाचं नाक पुढे, दुसऱ्याचं मागे. मी चार इंची ग्राइंडरला डायमंड कप लावला, तोंडाला रुमाल बांधला आणि सुरू झालो.

दहा मिनिटांत पडवी दिसेनाशी झाली. समईवर, डब्यांवर, माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डात, सगळीकडे लाल धूळ. बाबा खोकत बाहेर आले. त्यांची उमर खाणीवर गेली, धाप जुनीच. म्हणाले, "अरे, खाणीवर ट्रकांच्या वाटेवरसुद्धा टँकरने पाणी मारायचे. तू घरात सुकंच घासतोस?" त्या रात्री ते आडवे होऊ शकले नाहीत, उशीला टेकून बसून राहिले. मी शेजारी बसून फोनवर वाचत होतो. हे वाचन आधी करायला हवं होतं.

छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. छिन्नीने चिरा तासला की बहुतेक कपचे पडतात. ग्राइंडर त्याच चिऱ्याचं पीठ करतो. डोळ्यांना दिसते ती धूळ लवकर खाली बसते. खरी भीती दहा मायक्रॉनहून बारीक कणांची. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि त्यांतले सर्वांत बारीक थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असेल, तर वर्षानुवर्षांच्या धुळीने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली या धुळीला कर्करोगकारक ठरवलं. जांभ्यात लोह-अ‍ॅल्युमिनियम जास्त, क्वार्ट्झ जागेनुसार कमी-अधिक. पण सिमेंटच्या ब्लॉकमध्ये नदीची रेती असली, तर क्वार्ट्झ भरपूर. म्हणजे ब्लॉक घासणाऱ्याने तर जास्तच जपायला हवं.

पुढच्या शनिवारी बाबांना आत्याकडे पाठवलं. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून भिंत आदल्या संध्याकाळपासून भिजवली. साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतायचं मात्र नाही, शॉक बसतो. आम्ही ग्राइंडरवर धूळ ओढणारं आवरण बसवलं आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम भाड्याने आणून त्याला जोडला. घरचा साधा व्हॅक्यूम चालत नाही; बारीक धूळ तो मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. घराच्या दारांना ओल्या चादरी लावल्या. रुमालाऐवजी एन-९५ मास्क. त्यासाठी दाढी काढावी लागली, कारण दाढीवर मास्क चिकटून बसत नाही. आमच्या ऑफिसात निम्म्यांना हे ऐकवलं तर मास्कच नको म्हणतील! शेवटी झाडू न घेता ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि कपडे बाहेरच बादलीत भिजवले.

बायकोचं माहेर पेडण्याचं. तिथे मेव्हण्याच्या कुंपणाचं काम चालू होतं. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहिला की कडक होतो. तिथले गवंडीकाका चिरा छिन्नीने तासत होते आणि कापायची वेळ आली की पाण्याची नळी जोडलेला कटर घेत होते. मी त्यांना मास्कचं पाकीट दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं, म्हणाले, "गरम होतं रे." मग खोकले. तीस वर्षं हेच काम करतात. मेव्हण्याला सांगून आम्ही त्यांची छातीची तपासणी ठरवली आहे. ते यायला तयार आहेत, पण चवथीनंतर.

आमची भिंत अर्धीच झाली. उरलेल्या अर्ध्या भागातली नाकं तशीच ठेवली. बाबा म्हणतात, त्यांवर माटोळीच्या दोऱ्या बांधता येतील.