लाल अंबाडीचं बोंड

दिवाळी उलटली की विदर्भातल्या आठवडी बाजारांत लाल अंबाडीची बोंडं दिसू लागतात. गर्द लाल, मांसल, टोकाला पाच सुळके, आणि जिभेवर ठेवताच डोळे मिटायला लावतील इतकी आंबट. लोक त्यांना अंबाडीची फुलंच म्हणतात. त्यांची चटणी होते, सरबत होतं, काही घरांत गूळ घालून जॅमही. शहरातल्या दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे महागडं पाकीट मिळतं त्यात वाळवलेली असतात ती हीच बोंडं, पण पाकिटावर पुष्कळदा चित्र असतं जास्वंदीचं.

दोन्ही झाडं हिबिस्कस याच प्रजातीतली. गणपतीला वाहतो ती जास्वंद हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. आंबट लाल पेयाची अंबाडी हिबिस्कस सब्दारिफा. तिसरी, जिच्या वाखाचे दोर वळतात, ती हिबिस्कस कॅनाबिनस. भाजीला तिचाही पाला चालतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा करणारेही आहेत, पण तो आंबट लागत नाही. जगभर ज्या पेयावर प्रयोग झाले आहेत, ते लाल अंबाडीचं.

शाळेत जास्वंदीचं फूल उभं चिरून निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी चार मंडलं आपण पाहिलेली असतात. त्यातलं सर्वांत बाहेरचं मंडल, म्हणजे कळीला झाकणारा निदलपुंज, एरवी दुर्लक्षित. लाल अंबाडीत सारी गंमत तिथेच आहे. फिकट पिवळं, मध्यभागी गडद डोळा असलेलं तिचं फूल एकच दिवस टिकतं. पाकळ्या गळल्या की निदलपुंजाचं काम संपायला हवं, पण इथे तो फुगू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत रसाने टच्च भरतो. ताजं बोंड चाकूने चिरलं तर आत लव असलेली हिरवी बीजकुपी दिसते. तिची लव बोटांना टोचते. ही कुपी काढून टाकायची आणि भोवतालचं लाल टरफल तेवढं वाळवायचं. ओलं टरफल दहा किलो असेल तर वाळून जेमतेम किलोभर उरतं. शिवाय प्रत्येक बोंड हाताने सोलावं लागतं. पाकिटाच्या किमतीमागे ही मजुरी आहे, आणि हे काम जगात बहुतेक ठिकाणी बायकाच करतात.

या पेयाचं घर आफ्रिका. सुदानच्या कोर्दोफान भागात रेताड जमिनीत, निव्वळ पावसावर लाल अंबाडी पिकते. तिथे आणि इजिप्तमध्ये पेयाचं नाव करकदे. इजिप्तमध्ये लग्नसमारंभात ते पाहुण्यांना देतात. सेनेगलमध्ये ते बिसाप होतं, नायजेरियात झोबो. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर हे झाड कॅरिबियन बेटांवर पोचलं. जमैकात नाताळला आलं घालून केलेलं लाल ‘सॉरेल’ आजही घरोघरी असतं. मेक्सिकोत याच पेयाला ‘आग्वा दे हमायका’, म्हणजे जमैकाचं पाणी म्हणतात.

आता त्या रंगाकडे वळू. बोंडाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. त्यात मुख्य दोन: डेल्फिनिडिन-सॅम्ब्युबायोसाइड आणि सायनिडिन-सॅम्ब्युबायोसाइड. ही द्रव्यं आम्लाच्या संगतीतच लाल राहतात. आम्लता उतरू लागली की त्यांच्या रेणूची घडण बदलते आणि रंगही पालटतो. अंबाडीच्या काढ्याचा सामू तीनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो, म्हणून तो माणकासारखा झळकतो. काचेच्या पेल्यात थोडा काढा घेऊन चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा. फेस येईल, आणि तो बसेपर्यंत लाल रंग जांभळा होऊन निळसर-हिरवटाकडे झुकेल. लिंबू पिळा, लाल परतेल. मुलांसमोर जरूर करावा असा हा प्रयोग आहे. याच आम्लतेमुळे या पेयात दूध घालता येत नाही. घातलं की फाटतं. आणि खऱ्या अर्थाने हा चहा नव्हेच: चहाचं झाड वेगळं, त्यात कॅफिन असतं, यात नाही.

कोकणातल्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटलं असेल. ते साहजिकच, कारण कोकमाच्या आगळाचा लाल रंगही मुख्यतः सायनिडिन-सॅम्ब्युबायोसाइडचाच. नात्याने दूरच्या या दोन झाडांनी रंगासाठी तोच रेणू घडवला. आंबटपणातही साम्य आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली दाखवलं की कोकमाच्या भावंडाचं, मलबारी चिंचेचं, मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. त्याआधी ते टार्टारिक आणि सायट्रिक समजलं जाई. लाल अंबाडीतही हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे, फक्त रेणूतल्या अणूंची अवकाशातली मांडणी निराळी.

लोक मात्र हे पेय विकत घेतात ते रक्तदाबासाठी. तेव्हा पुरावा नीट पाहायला हवा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डायान मॅके आणि सहकाऱ्यांनी ३० ते ७० वयोगटातल्या ६५ जणांवर प्रयोग केला. त्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला होता, पण औषध सुरू नव्हतं. काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा काढा दिला, उरलेल्यांना त्याच चवीचं नकली पेय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काढा पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, नकली पेयवाल्यांचा १.३ अंकांनी. खालच्या रक्तदाबात ठोस म्हणता येईल असा फरक पडला नाही. मेक्सिकोत अंबाडीच्या अर्काची तुलना लिसिनोप्रिल या नेहमीच्या गोळीशी झाली, तेव्हा गोळीच सरस ठरली. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२१च्या आढाव्याने तर सध्याचा पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं आहे. मला यातून एवढंच दिसतं की सौम्य परिणाम असण्याची शक्यता आहे, पण गोळी बंद करून कप उचलावा असं काही नाही. उलट गोळी सुरू असताना हा काढा रोज घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, कारण दोन्हींचा परिणाम मिळून दाब फार उतरू शकतो. गरोदर बायकांनी तर तो टाळलेलाच बरा.

औषधांच्या बाबतीत सुदानमधलाच एक अभ्यास बोलका आहे. १९९४ साली तिथल्या संशोधकांना आढळलं की करकदेबरोबर मलेरियाची क्लोरोक्विन गोळी घेतली तर रक्तात पोचणारं औषध बरंच घटतं. चिंचेच्या आणि लिंबाच्या पेयानेही तेच झालं. म्हणून कोणतीही गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. दातांचंही भान ठेवावं. सामू साडेपाचच्या खाली गेला की दातांवरचं एनॅमल झिजू लागतं आणि हा काढा त्याच्या कितीतरी खाली असतो. दिवसभर घोट घोट पीत बसू नये. प्यायल्यावर चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

घरी करायचं तर बोंडं सोलून टरफलं हवेशीर जागी कडक वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरावीत. कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर टरफलं टाकून पाचेक मिनिटं झाकून ठेवावीत, मग गाळावं. फार वेळ खळखळ उकळू नये, उष्णतेने रंगद्रव्यं मोडतात. उन्हाळ्यात टरफलं रात्रभर गार पाण्यात भिजवली तरी रंग आणि आंबटपणा दोन्ही छान उतरतात. वर किसलेलं आलं आणि थोडा गूळ.