तट्टाशीं ओळख

मार्गशीर्षांत नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते व तींत घोड्यांचा मोठा बाजार असतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतून एखादा गृहस्थ मुलांसाठीं तट्टू घ्यावयास तेथें गेला, म्हणजे तो भोंवरे, दांत, रंग व चाल पाहतो. तें योग्यच आहे. परंतु घरीं आणलेलें तट्टू दुसऱ्या दिवशीं सकाळीं कान मागें टाकून भिंतीशीं अंग चोरून उभें राहतें, तेव्हां ह्या परीक्षेचा फारसा उपयोग होत नाहीं. येथपासून पुढचें काम खोगीर न घालतां, जमिनीवर उभें राहूनच करावयाचें असतें.

घोडा हा भित्रा प्राणी आहे, आणि त्याची भीति वृथा नाहीं. त्याचे पूर्वज हिंस्र पशूंचें भक्ष्य होते व पळणें हेंच त्यांचें संरक्षण होतें. डोळे दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्याला पुष्कळ दूरवर दिसतें. मात्र अगदीं पाठीमागचें व कपाळाच्या लगत पुढचें दिसत नाहीं. म्हणून बोलत बोलत, तिरकस, त्याच्या खांद्याच्या रोखानें जावें. हात एकदम तोंडाकडे नेऊं नये. आयाळ जेथें संपते त्या उंचवट्यावर खाजवावें. घोडे एकमेकांना तेथेंच खाजवितात. फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवर केलेल्या व १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ह्या जागीं खाजविल्यानें हृदयाचे ठोके मंदावतात असें आढळून आलें. येतां जातां गूळ चारण्याची हौस मात्र आवरावी. त्यानें तट्टू माणसापेक्षां त्याच्या खिशालाच ओळखूं लागतें आणि त्याला चावण्याची खोड लागते.

नंतर मोरकी घालून चालविणें. दोरीला हलका ताण द्यावा आणि तट्टानें एक पाऊल पुढें टाकतांच, त्याच क्षणीं, ताण सोडावा. ताण कशामुळें सुटला हें त्याच्या ध्यानांत राहतें, व त्यावरूनच तें शिकतें. सोडण्यास उशीर झाला तर धडा वायां जातो. उलट त्यानें हिसका दिला म्हणून भिऊन दोरी सैल केली, तर हिसक्यानें सुटका होते हें तें एका दिवसांत शिकतें, आणि तें विसरावयाला लावण्यांत महिने जातात. रोज दहापंधरा मिनिटें पुरेत. राग आला तर त्या दिवसाचें काम तेथेंच थांबवावें, इ. स. पूर्व चौथ्या शतकांत झेनोफन ह्या ग्रीक लेखकानेंहि घोड्याशीं रागानें वागूं नये असें बजावून ठेविलें आहे.

हिंगोलीला ही विद्या नवी नव्हे. निजामाच्या खर्चानें पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले १९०३ सालापर्यंत ह्या छावणींत असत. हें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. घोडा सरकारच्या मालकीचा नसे. तो निकामी झाला तर त्याची झळ शिलेदाराला लागे, आणि साहजिकच खरारा, चंदी व खूर ह्यांकडे त्याचें लक्ष असे.

हीं कामें मोतद्दारावर न सोपवितां घरच्यांनींच करावीं, ह्यांत काटकसरीहून अधिक कांहीं आहे. खरारा करतांना हात सर्वांगावरून फिरतो. खोगिराखालची जखम, पायांतील ऊन हाताला प्रथम लागतें. खूर टांचेकडून पुढें साफ करावा. चंदी थोडी थोडी, अनेक वेळां द्यावी व ती एकाएकीं बदलूं नये. कारण घोड्याचें पोट लहान असतें, आणि घोड्याला ओकारी होत नाहीं. त्याची पोटदुखी म्हणूनच प्राणावर बेतते. रोज तोबरा पाहून फुरफुरणारें तट्टू एखादे सकाळीं मान फिरवितें, पुढच्या पायानें जमीन उकरतें, वळून वळून कुशीकडे पाहतें. परक्याला त्यांत कांहींच दिसत नाहीं. ज्या मुलानें त्याला महिनाभर रोज हाताळलें आहे, तें धांवत घरांत येऊन सांगतें. अशा वेळीं त्याचें ऐकून गुरांच्या डॉक्टरास ताबडतोब बोलवावें, आणि ते येईपर्यंत चंदीचा दाणाहि पुढें ठेवूं नये.