सेगावला आलेले जेरुसलेमचे दूत

१९३६ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या ज्यू एजन्सीला, म्हणजे पॅलेस्टाईनमधल्या ज्यूंच्या प्रतिनिधी संस्थेला, भारतात पाठवण्यासाठी एक माणूस हवा होता. त्या एप्रिलमध्ये पॅलेस्टाईनमधल्या अरबांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध आणि ज्यूंच्या वाढत्या वसाहतीविरुद्ध उठाव सुरू केला होता, आणि भारतातले लोकमत अरबांच्या बाजूने झुकत होते. एजन्सीच्या राजकीय विभागाचे प्रमुख मोशे शेरटोक यांनी (पुढे शारेट या नावाने ते इस्रायलचे पंतप्रधान झाले) या कामासाठी डॉ. इमॅन्युएल ओल्सव्हांगर यांना निवडले. पोलंडमध्ये जन्मलेले ओल्सव्हांगर लोककथांचे संग्राहक होते, झायनवादी, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या, चळवळीसाठी त्यांनी दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षे काम केले होते आणि त्यांना संस्कृत येत होते. ज्या देशाशी बोलायचे त्याची जुनी भाषा शिकलेला माणूस पाठवावा हे शेरटोक यांना सुचले, याचे मला आजही कौतुक वाटते.

दूत पाठवणे ही ज्यू समाजाची फार जुनी रीत आहे. राज्य नाही, राजधानी नाही, माणसे जगभर विखुरलेली. अशा वेळी जेरुसलेमच्या धर्मपाठशाळांसाठी आणि गरिबांसाठी वर्गणी गोळा करणारे, आडगावच्या ज्यूंना प्रार्थना शिकवणारे आणि एका वस्तीच्या बातम्या दुसरीकडे पोहोचवणारे लोक शतकानुशतके हिंडत राहिले. १८५० च्या दशकाच्या अखेरीस याकोव सफीर हे असेच एक दूत वर्गणीसाठी जेरुसलेमहून निघाले आणि येमेन, भारत, जावा करत थेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत गेले. वाटेत दिसलेल्या लहान लहान ज्यू वस्त्यांचे वर्णन त्यांनी ‘एवेन सापीर’ या ग्रंथात केले. येमेनच्या ज्यूंबद्दल युरोपला जे कळले, त्यातले पुष्कळसे या एका वर्गणीदूतामुळे कळले.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहासही अशा येणाऱ्या माणसांनीच घडवला आहे. त्यांची परंपरागत कथा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढच्या पिढ्या तेलाचे घाणे चालवू लागल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. हिब्रू विसरली, पण आठव्या दिवसाची सुंता, शनिवारची विश्रांती आणि ‘शेमा’ ही एवढीशी प्रार्थना टिकली. मग दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू तिथे आला. त्याने एका घरातल्या बाईपुढे निरनिराळे मासे ठेवले. तिने खवले आणि पंख असलेले मासे तेवढे शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. धर्मशास्त्राचा हा नियम तिला कोणी पोथीतून शिकवला नव्हता. त्यावरून राहाबीने त्यांना ओळखले, तिघांना धर्मविधी शिकवले आणि त्यांचे वंशज ‘काजी’ म्हणून समाजाचे विधी करू लागले. राहाबी कोणत्या शतकात आला यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण एका समाजाची ओळख सैपाकघरातल्या एका बाईने जपून ठेवली होती, ही गोष्ट मला सगळ्या राजकीय वाटाघाटींपेक्षा मोठी वाटते.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक येऊ लागले. त्याहून नवलाची गोष्ट ख्रिस्ती मिशनऱ्यांची. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि आपला धर्म अधिक पक्का केला. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या सणाचे ‘हगादा’ हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले गेले. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगादातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बाया सणाची भाकरी करताना दिसतात. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी तर बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने रचली.

याच समाजात १८३० मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर जन्मले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही बेने इस्रायल आडनावे जशी गावांवरून पडली, तसेच त्यांचे किहीमवरून. समाजाच्या मुलांसाठी मुंबईत १८७५ मध्ये जी शाळा निघाली, तिच्यामागे केहिमकरच होते. माझगावची ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या लोकांच्या आठवणी, रूढी, गाणी, विधी आणि लष्करात पराक्रम केलेल्यांची नावे एकत्र करून त्यांनी इंग्रजीत बेने इस्रायलांचा इतिहास लिहिला. १८९७ मध्ये तो लिहून झाला, पण त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

त्याच वर्षी बाझेलला पहिली झायनवादी परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आले होते. पूर्वजांच्या भूमीत परत नेण्याचे काम परमेश्वराचे आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी ते नाकारले. पुढे १९२०-२१ मध्ये इस्रायल कोहेन हे झायनवादी दूत आशिया-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात मुंबईला येऊन गेले. पण रेल्वे, पोस्ट आणि पलटणीतल्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या या मराठी समाजाला तेव्हा तरी कुठे जायचे नव्हते. इथे त्यांचा ज्यू म्हणून कोणी छळ केला नव्हता, आणि ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

ओल्सव्हांगर अशा देशात आले. काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले होते. ओल्सव्हांगर दोघांनाही भेटले. नेहरूंना युरोपातल्या ज्यूंबद्दल कळवळा होता, पण अरबांचा लढा त्यांना स्वातंत्र्याचा लढा वाटत होता. त्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसने देशभर पॅलेस्टाईन दिन पाळला. राजकीय दूत म्हणून ओल्सव्हांगर रिकाम्या हाताने परतले.

पण पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तेल अवीवला एक पुस्तक छापून निघाले: केहिमकरांचा बेने इस्रायलांचा इतिहास. संपादक, इमॅन्युएल ओल्सव्हांगर. चाळीस वर्षे हस्तलिखितात अडकलेला कोकणातल्या तेल्यांचा इतिहास या माणसाच्या हातून जगापुढे आला. आज बेने इस्रायलांवर लिहिणाऱ्या कोणालाही या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते. पुढे १९५६ मध्ये ओल्सव्हांगर यांनी केलेला भगवद्‌गीतेचा हिब्रू अनुवादही प्रसिद्ध झाला.

शेरटोक यांनी त्या उन्हाळ्यात आणखी एका माणसाला गाठले होते. वास्तुरचनाकार हर्मन कॅलनबॅक हे गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग मित्र. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळची आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी देऊन त्यांनी टॉलस्टॉय फार्म उभा करून दिला होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा दोघे एकत्र भारतात येणार होते, पण कॅलनबॅक जर्मन नागरिक असल्याने इंग्रजांनी त्यांना येऊ दिले नाही. ताटातूट झाली ती २३ वर्षांची. मे १९३७ मध्ये कॅलनबॅक मुंबईत उतरले, वलसाडजवळ तिथल येथे गांधीजींना भेटले आणि मग सेगावला येऊन आश्रमवासी झाले. नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, विदर्भातल्या त्या खेड्यात, दोन मित्रांत पॅलेस्टाईनवर बोलणी चालत. अरब आणि ज्यू यांच्यात गांधीजींनी मध्यस्थी करावी, असा दोघांचा विचार होता. जुलैमध्ये गांधीजींनी एक निवेदन लिहून कॅलनबॅक यांच्याजवळ दिले. ज्यूंनी ब्रिटिश संगिनींचा आधार सोडावा आणि अरबांच्या सद्भावनेवर विसंबावे, असा त्याचा आशय होता.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सिनेगॉग जाळले गेले आणि हजारो ज्यूंना छळछावण्यांत टाकले गेले. त्याच महिन्यात गांधीजींनी सेगावला बसून ‘हरिजन’साठी ज्यूंवरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. जर्मन ज्यूंनी सत्याग्रह करावा आणि पॅलेस्टाईन अरबांचे आहे, हे त्यांचे म्हणणे जगभरच्या ज्यूंच्या काळजाला लागले. तत्त्वज्ञ मार्टिन बुबर आणि हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस, दोघेही गांधीजींना मानणारे, दोघेही अरबांशी समझोता हवा म्हणणारे. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी जेरुसलेमहून गांधीजींना दीर्घ पत्रे लिहिली. नाझी राजवटीपुढे सत्याग्रहाची साक्ष पाहायलाही कोणी उरत नाही, हे बुबर यांचे मुख्य दुःख. या पत्रांना गांधीजींनी उत्तर दिल्याची नोंद नाही. सेगावचे टपाल पुष्कळदा बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाई, आणि त्या गोंधळामुळेच १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पण ही दोन पत्रे तशीच भरकटली, असे म्हणायला आधार नाही.

१९३९ च्या आरंभी कॅलनबॅक पुन्हा सेगावला आले. या खेपेस त्यांना मलेरियाने पछाडले. १९४५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत वारले आणि त्यांच्या अस्थी गालिलीच्या सरोवराकाठी देगानिया या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतवस्तीत) नेऊन पुरल्या गेल्या.

इस्रायल झाल्यावर मात्र दूतांचे काम पालटले. भारताने १९५० मध्ये त्या देशाला मान्यता दिली, १९५३ मध्ये मुंबईत त्याची वकिलात उघडली आणि कोकणातली घरे एकेक करून रिकामी होऊ लागली. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांचा मान तिकडे सहज राखला गेला नाही. इतर ज्यूंशी त्यांच्या विवाहांवर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, तेव्हा त्यांनी सत्याग्रहाचाच मार्ग धरला आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव करावा लागला. आज भारतात ज्यू काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

नागपूरकरांना पाहुणे आले की सेवाग्रामला नेण्याची हौस असते. या वेळी नेलेत तर बापूकुटीसमोर त्यांना कॅलनबॅक आणि बुबरच्या पत्राची हकिगत जरूर सांगा, आणि घरी केहिमकरांचा इतिहास मिळवून वाचा.