नियमांमुळे कर्मचारी नाराज होतात?

नियम वाढले की कर्मचाऱ्याचे कामावरून मन उडते, हा नोकरशाहीविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. त्याला आधार म्हणून अनेकदा फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा १९५९चा अभ्यास दाखवला जातो. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींत असमाधानाचे प्रमुख कारण म्हणून कंपनीचे धोरण आणि प्रशासन पुढे आले, हे खरे. पण त्या सदरात कोणत्या तक्रारी होत्या, हे वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. आपण नेमके कोणाच्या हाताखाली आहोत हेच कळत नाही, ही त्यांपैकी एक. ही नियमांच्या अतिरेकाची तक्रार कशी म्हणायची?

मेल्विन कोन यांनी १९७१मध्ये अमेरिकेतील ३,१०१ पुरुषांच्या पाहणीवरून उलटेच चित्र मांडले. अधिकाराच्या पातळ्या जास्त असलेल्या संस्थांतील कर्मचारी विचाराने अधिक लवचीक होते. नोकरीची शाश्वती, बरा पगार आणि बुद्धीला खाद्य देणारे काम ही त्याची कारणे.

नियम किती आहेत यापेक्षा ते कोणी व कशासाठी केले, हे महत्त्वाचे. ऑल्विन गोल्डनर यांना अमेरिकेतील एकाच जिप्सम कारखान्यात नियमांच्या तीन तऱ्हा दिसल्या (१९५४). धूम्रपानबंदी तपासनीस येईल तेवढ्यापुरती पाळली जाई. गैरहजेरीचा नियम वरून लादलेला, शिक्षेचा. त्यावरून कुरबुरी होत. सुरक्षेचे नियम सर्वांत काटेकोर, कागदपत्रेही त्यांचीच जास्त. तरीही त्यांवर रोष नव्हता, कारण ते राबवण्यात कामगारांचाही वाटा होता. पॉल ॲडलर व ब्रायन बोरिस यांनी १९९६मध्ये हाच भेद मांडला: काही नियम कामाला हात देतात, काही फक्त धाक घालतात.

महाराष्ट्राचा २००५चा बदल्यांचा कायदा पहिल्या प्रकारात बसतो. सर्वसाधारण पदावधी ३ वर्षे, बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. त्यामुळे मुलांची शाळा साहेबांच्या मर्जीवर टांगती राहू नये, एवढी तरी सोय होते. असा नियम सैल केला, तर कर्मचारी सुखी होईल की हवालदिल?

नोकरशाही फक्त सरकारी कचेरीत असते, हेही चूक. माक्स वेबर यांनी खासगी उद्योगांचाही तिच्यात समावेश केला होता. आणि पगार वाढला की समाधान आपोआप येते, हेही खरे नाही: हर्झबर्ग यांच्या मते पगार प्रामुख्याने नाराजी आवरतो, समाधान कामातून आणि त्याच्या कौतुकातून येते.